‘दाद’ मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पॅरालीगलचं, म्हणजे वकील नसताना लोकांना कायद्याच्या कामात मदत करण्याचं, काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. गावातल्या बायकांसाठी त्यांनी कायद्याची छोटी मराठी पुस्तिका लिहिली. त्यात ‘कुठे दाद मागायची?’ असा एक मथळा होता. तपासणाऱ्यांनी तो खोडून ‘विधिक सक्षमीकरणाचे मार्ग’ असा केला आणि समासात शेरा मारला, की ‘दाद मागणे’ यात लाचारी आहे, आपण हक्काची भाषा वापरावी. तर बरोबर काय? आणि जाता जाता त्यांनी विचारलंय, की ‘पॅरालीगल’ला आणि बेंगळुरूकडे म्हणतात त्या ‘आल्टरनेटिव्ह लॉयरिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, मथळा होता तसा परत घाला. ‘दाद मागू नका, हक्क मागा’ ही टाळ्या घेणारी ओळ निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या शिबिरांत ऐकून कान किटलेत. बोलणाऱ्याला वाटतं, ‘मागणे’ आलं की हात पसरला. मग वाटणी मागणारा भाऊ भिकारी का? हिशेब मागणारा सभासद? आणि गंमत म्हणजे ‘हक्क मागा’ या घोषणेतसुद्धा ‘मागा’ आहेच, ते बरं टोचत नाही! ‘मागणे’ आलं संस्कृत ‘मार्ग्’पासून, म्हणजे शोधणे, पाठलाग करणे. आपण चोराचा ‘माग’ काढतो तो याच घरातला.

आता ‘दाद’. कवितेला मिळते ती दाद सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देतो. एवढंच सांगतो, की तीही मुळात ‘न्याय’च. फारसीत ‘बोलण्याची दाद देणे’ म्हणजे बोलण्याला न्याय देणे. दादा, दादला, दादर या मंडळींचा इथे काही संबंध नाही. कोशवाले ‘दाद’पुढे ‘फा.’ एवढं अक्षर टाकून पुढच्या शब्दाकडे वळतात आणि खरी मजा तिथेच टाकून जातात.

इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु राजाचा, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या डरायसचा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख आहे. त्यात तो म्हणतो, की या सगळ्या देशांनी माझा ‘दात’ पाळला. ‘दात’ म्हणजे कायदा, घालून दिलेला नियम. तोच शब्द झिजत झिजत पुढच्या फारसीत ‘दाद’ झाला. कोर्टाला फारसीत आजही ‘दादगाह’ म्हणतात. हाच ‘दात’ हिब्रूने उचलला. तिथे ‘दात’ म्हणजे आधी राजाचा हुकूम आणि पुढे धर्म.

एका भाषा-सदरात मध्यंतरी छापून आलं होतं, की फारसी ‘दादन्’ म्हणजे देणे, त्यावरून ‘दाद’, म्हणून दाद म्हणजे दान, वरच्याने खालच्याला केलेली मेहेरबानी. लाचारीचा शोध बहुधा तिथूनच निघाला असावा. सदरकारांची विद्वत्ता मोठी असेल, पण इथे त्यांनी दोन धातूंची खिचडी केली आहे. संस्कृतात ‘दा’ म्हणजे देणे आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, हे स्पष्ट वेगळे. इराणी शाखेत ‘ध’चा महाप्राण गेला आणि दोन्ही ‘दा’ दिसायला लागले. ‘दादन्’ची गोष्ट काहीही असो, दारयवहुचा ‘दात’ मात्र ‘धा’चा. नाहीतर ‘सगळ्या देशांनी माझं दान पाळलं’ असा अर्थ करावा लागेल, तो सदरकारांनी करून दाखवावा.

‘धा’चं संस्कृतातलं भूतकालवाचक रूप ‘हित’. त्याला ‘वि’ लावा, झालं ‘विहित’. सरकारी फॉर्मवर ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ असतं ना, तेच. आणि ‘वि’ला ‘धा’ जोडूनच ‘विधि’. म्हणजे ताईंच्या पुस्तिकेतली खोडलेली ‘दाद’ आणि वर डकवलेलं ‘विधिक’, दोन्ही एकाच धातूची लेकरं! ग्रीकांच्या न्यायदेवतेचं, थेमिसचं नावही याच कुळातलं. तपासणाऱ्यांनी लाचार म्हणून घराबाहेर काढलेली बाई सख्खी चुलतबहीण निघाली.

तरीही दोघींत निवड करायची तर गावासाठी मी दादच निवडेन. पलीकडे महाराष्ट्रात फलकावर ‘विधी सेवा प्राधिकरण’ असतं. गावात ‘विधी’ म्हणजे बाराव्या-तेराव्याचे. आमच्या बेळगावच्या कोर्टात त्याच कचेरीला कन्नडात ‘कानूनु सेवेगळ प्राधिकार’ म्हणतात. कन्नडाने अरबी ‘कानून’ निमूट ठेवला आणि आपण शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून अशा शब्दांना हाकलायला बसलो आहोत. कोशाला निदान राज्यकारभाराचं कारण होतं. पुस्तिका तपासणाऱ्यांना कसलं आहे?

आता माझं लाडकं मत सांगतो, कोणी मानो न मानो. मराठीने ‘दाद’ला चार क्रियापदं जोडली आहेत: मागणे, घेणे, देणे, लागणे. न्यायाचा अख्खा रस्ता त्यात आहे, आणि वंचितांचं घोडं कुठल्या टप्प्यावर अडतं तेही त्यात आहे.

दाद मागणे, म्हणजे दारात जाणे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात, जो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, कारखान्यातले कामगार यांना मोफत वकील आहे, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पिवळं कार्ड नाही म्हणून बाईला परत पाठवणं चूक आहे, हे पुस्तिकेत ठळक छापा. १५१०० हा मदतीचा नंबरही. खानापूरच्या रानातल्या गवळी धनगरांचा वनहक्काचा दावा असेल तर २००६ च्या कायद्याने पहिली दाद ग्रामसभेकडे मागायची, कोर्टाकडे नव्हे. त्यांच्यासारख्या बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, हेही तिथेच लिहा.

दाद घेणे हे सगळ्यांत विसरलेलं क्रियापद. ‘कोन दाद घेईना झालंय’ असं म्हातारी म्हणते तेव्हा ती निकालाविरुद्ध बोलत नसते. आपलं ऐकूनच घेतलं नाही, असं सांगत असते. वकील ज्याला दखल म्हणतात ते हे. कर्नाटकात १९७८ चा कायदा आहे, सगळे ‘पीटीसीएल’ म्हणतात तो. सरकारने अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन अटी मोडून विकली गेली असेल, तर मूळ मालकाने एसी साहेबांकडे, म्हणजे असिस्टंट कमिशनरकडे, अर्ज करावा आणि जमीन परत मिळवावी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अर्ज वाजवी मुदतीत हवा, आणि मग उशिराच्या कारणाने अर्ज फेटाळले जाऊ लागले. जमीन कशी गेली हे विचारण्याआधीच दार बंद! २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याला मुदतीची अट नाही असं लिहावं लागलं. म्हणजे दाद घ्या, एवढंच सांगायला विधानसभेला कायदा करावा लागला.

दाद देणे म्हणजे आदेश. त्यावर फार बोलण्यासारखं नाही, फोटो याच टप्प्यावर निघतात.

दाद लागणे मात्र वेगळं. आदेश हातात आला, पण उताऱ्यावर नाव चढलं नाही, शेतात पाय ठेवू दिला नाही, तर दाद दिली पण लागली नाही. औषध लागतं, पाणी लागतं, तसं हे लागणं. देवदासी प्रथेवर मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा होता, कर्नाटकाने १९८२ ला नवा केला. पण सौंदत्तीच्या पंचक्रोशीत दाद लागायला माजी देवदासींनाच संघटित व्हावं लागलं. घटप्रभेची त्यांची ‘मास’ संस्था १९९७ ची. दिलेली दाद लागेपर्यंत मागे राहणं, बाईबरोबर तलाठ्याकडे चौथ्यांदा जाणं, हेच ताई तुमचं काम. बेंगळुरूच्या ‘आल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ने २००० साली सुरुवात केली तीही ‘वकिली म्हणजे फक्त खटले’ हे न मानता. त्याला ‘वैकल्पिक विधिज्ञता’ असलं काही छापू नका. पर्यायी वकिली म्हणा, पुरे.

सीमाप्रश्नाबद्दल इथे बोलणार नव्हतो, पण महाराष्ट्र सरकार २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा आपल्या सगळ्या पेपरांनी ‘दाद मागितली’ असंच छापलं होतं. राज्य सरकारला लाचार म्हणायची छाती तपासणाऱ्यांना आहे का, विचारा.

हां, ‘पॅरालीगल’ राहिलंच. महाराष्ट्रातला सरकारी शब्द ‘विधी स्वयंसेवक’, तो ओळखपत्रावर असू द्या. कोर्टासमोरचा बॉण्ड रायटर आणि तुम्ही यांत फरक कळला पाहिजे, म्हणून ‘अर्ज लिहिणारी’ नको. गावात बायका तुम्हाला ‘कायद्याचं बघणारी ताई’ म्हणत असतील, तर पुस्तिकेवर तेच छापा. तपासणाऱ्यांनी पुन्हा खोडलं तर मला कळवा.