शॉपमधे बिनच बिन, तरी माल लेट का जातो?

प्रश्न : सर नमस्कार, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, २ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), १ ड्रिलिंग मशीन, ९ माणसं. सीएनसीवर दिवसाला ४०० फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) निघतात, मग ते ड्रिलिंगला जातात, पण डिस्पॅच ३०० च्या वर जात नाही आणि पार्टीची रोज बोलणी खातो. मधे मालाचे बिन (पेट्या) एवढे साठलेत की चालायला जागा नाही, मोजले तर १८०० नग भरले. शेजारची शेड भाड्याने घेऊ का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : शेड अजिबात घेऊ नका, तीही भरेल. तुमचेच आकडे बघा ना, फ्लोअरवर १८०० आणि जातात रोज ३००, म्हणजे आज लावलेलं कास्टिंग (ओतीव कच्चा नग) बाहेर पडायला ६ दिवस, त्यात मशीनवरचं काम काही मिनिटांचं, बाकी वेळ ते नुसतं बिनमधे पडून. हेच ६०० वर आणलंत तर २ दिवसात निघेल. टोयोटाचे ताइइची ओनो गरजेपेक्षा जास्त माल काढणं हीच सगळ्यात वाईट नासाडी मानायचे, कारण बाकीच्या तिच्या मागून येतात. जागा जाते, उचलठेव वाढते, माल गंजतो, आणि इन्सर्ट (सीएनसीचं कापणारं पातं) झिजून बोअर (मधलं भोक) अंडरसाइज यायला लागला तर ते कधी कळणार, ४ दिवसांनी ड्रिलिंगला बिन उघडल्यावर, तोवर शेकडो नग तसेच झालेले!

ड्रिलिंगच्या आधी पिवळ्या पट्ट्याने बिनच्या जागा आखा, ५० चा बिन धरला तर १२. त्या भरल्या की सीएनसी थांबवायचं. कर्जाचा हप्ता चालू असताना मशीन बंद बघवत नाही, मला माहितीय, पण बिल डिस्पॅच झालेल्या मालाचंच बनतं. थांबलेला ऑपरेटर ड्रिलिंगला पाठवा, एक जॉब ड्रिल होतोय तोवर त्याने दुसरा जॉब दुसऱ्या फिक्स्चरमधे (नग पकडायच्या साच्यात) बांधून ठेवायचा, बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढायची, धार लावलेलं ड्रिल हाताशी ठेवायचं. माल अडकलाय ड्रिलिंगलाच, तिथे दिवसाला २० नग जरी वाढले तरी ते थेट गाडीत जातात.

आणि हो, सीएनसीवाल्याला नगावर इन्सेंटिव्ह देत असाल तर तो आधी बदला, नाहीतर तो मशीन थांबवणारच नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही. रोज डिस्पॅच झालेल्या चांगल्या नगांवर सगळ्यांना मिळून द्या, हेल्परला पण.