बँकेच्या लिलावात पहिली बोली लावताना

ऐरोलीतल्या फ्लॅटवर बोली लावणार असाल, तर कमाल आकडा आजच कागदावर लिहून ठेवा. राखीव किंमत, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान किंमत, स्वस्त वाटते, पण मालमत्ता ‘जशी आहे तशी’च मिळते. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून थकलेला मेंटेनन्स विचारा, सिडकोचं हस्तांतरण शुल्क आणि मुद्रांक शुल्क धरा. बँकेकडे ताबा फक्त प्रतीकात्मक, म्हणजे कागदोपत्रीच असेल आणि घर प्रत्यक्षात तिच्या हातात नसेल, तर नवख्याने त्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी चुरस शेवटच्या पाच मिनिटांत. तेव्हा बोली आली की वेळ सहसा आणखी वाढते, आणि समोरचा थोडक्यात पुढे गेला की हात शिवशिवतात. कागदावरचा आकडा आला की थांबाच. कारण जिंकलात तर बोलीआधी भरलेली अनामत धरून किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची, उरलेली रक्कम बँकेने विक्री कायम केल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ मिळते, पण बँकेने लेखी मान्य केली तरच. पैसे उभे राहिले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशी जप्ती वैध ठरवली आहे. म्हणून गृहकर्जाची मंजुरी आधीच घ्या, आणि घर लिलावातलं आहे हे कर्ज देणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा.