हलक्या लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह) बसवता येईल का?

हे मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) दुसरा एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची खाच, आहे की नाही यावर ठरते. म्हणून सांगलीच्या बाजारात खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या नेमक्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. स्लॉट असला तरी त्यात ८० मिलिमीटर लांबीची २२८० एसएसडी मावते की ४२ मिलिमीटरची २२४२, आणि तो एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याची नवी, वेगवान पद्धत) चालवतो की केवळ साटा (जुनी, संथ पद्धत), हे तपासावे (दुकानात हा प्रश्न आपणच काढावा), कारण केवळ साटा चालवणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी ओळखली जात नाही. कित्येक पातळ लॅपटॉपांत २.५ इंची ड्राइव्हसाठी जागाच नसते. दुसरा स्लॉट नसल्यास मूळ एसएसडीचे क्लोनिंग (सर्व माहितीची हुबेहूब प्रत) करून अधिक क्षमतेची एकच बसवणे मला श्रेयस्कर वाटते. काम सुरू करताना बॅटरीची जोडणी आधी काढावी.