‘झेना’ हा जुना स्लाव्हिक शब्द ‘जननी’वरून आला आहे का?

आपण विचारले आहे की, रशियनमध्ये पत्नीला ‘झेना’ म्हणतात, तर तो शब्द संस्कृत ‘जननी’पासून निघाला असेल का. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण संस्कृतमध्ये त्याची सख्खी बहीण आहे, ती म्हणजे ऋग्वेदातील ‘जनि’, अर्थ स्त्री किंवा पत्नी.

‘जनि’ आणि ‘जननी’ एकाच ‘जन्’ धातूचे वाटतात. मीही पुष्कळ दिवस तसेच मानत होतो. मात्र मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, रशियन, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेत, येथे दोन वेगळे ध्वनी होते आणि संस्कृतमध्ये दोघांचाही ‘ज’ झाल्यामुळे त्यांतला भेद पुसला गेला. रशियन, चेक अशा स्लाव्हिक भाषांनी तो जपला: आपल्या ‘ज्ञा’ धातूचा जोडीदार रशियनमध्ये ‘झ्नात्’ (जाणणे) असा, ‘झाड’मधील दंत्य ‘झ’ने सुरू होतो, तर ‘जीव’चा जोडीदार ‘झिव्’ (जिवंत) आणि आपला ‘झेना’ यांत ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) उच्चार आहे. ‘जन्’ हा ‘ज्ञा’च्या गटातला आणि ‘जनि’ ‘जीव’च्या गटातला. इंग्रजीतही हाच भेद ‘किन’ (आप्त) आणि ‘क्वीन’ या शब्दांत दिसतो. ‘क्वीन’चा जुना अर्थ नुसता ‘स्त्री’ एवढाच होता.

‘झेना’च्या आरंभी पूर्वी ‘ग’ होता. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आल्यास प्राचीन स्लाव्हिकमध्ये ‘ग’चा असा घर्षक ध्वनी होत असे; स्लाव्हिकच्या शेजारच्या, आता लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेत ‘गेन्ना’ हे रूप ‘ग’सह नोंदलेले आहे. शाळेत ‘गम्’चे ‘जगाम’ पाठ केलेल्यांना ‘ग’चा ‘ज’ होणे नवे वाटू नये. वेदांतील ‘ग्ना’ (देवपत्नी) हा शब्द मला या साऱ्या पुराव्यांत सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो ‘जनि’च्याच मुळाचा असून, ‘ग’ला लागून थेट ‘न’ आल्यामुळे त्यातला ‘ग’ शाबूत राहिला. ग्रीक ‘गुने’ही याच कुळातला.

नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या ख्रिस्ती धर्मप्रचारक बंधूंच्या भाषांतरांतून घडलेल्या प्राचीन चर्च स्लाव्हिक या धार्मिक ग्रंथभाषेत ‘झेना’चा अर्थ स्त्री आणि पत्नी असा दुहेरी होता. चेक भाषेत तो अजूनही तसाच आहे; रशियनमध्ये मात्र तो पत्नीपुरता उरला आणि स्त्रीसाठी त्यावरूनच ‘झेन्श्चिना’ हा शब्द तयार झाला.

मराठीतही या कुळातला एक शब्द रुळला आहे, पण तो फारसीच्या वाटेने आला: ‘जनानखाना’, ज्याच्या मुळाशी फारसी ‘झन’ म्हणजे स्त्री हा शब्द आहे.