जाणवलेला भेदभाव म्हणजे भास नव्हे

प्रश्न : मी समाजकार्य विषयाची विद्यार्थिनी आहे. अमेरिकेतील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) स्थलांतरित दवाखान्यात जाणे का टाळतात, याची कारणे सांगताना एका मराठी टिपणात ‘भासमान भेदभाव’ असा शब्द आला आहे. भेदभाव नुसता भासत असेल, तर त्याला एवढे महत्त्व का द्यायचे? खरी अडचण पैशांची आणि विम्याचीच नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला निम्मा गोंधळ त्या शब्दानेच केला आहे. ‘भासमान’ म्हटले की दोरीच्या जागी दिसलेला साप आठवतो. संशोधकांना तसे मुळीच म्हणायचे नसते. तुम्हाला कमी सौजन्याने वागवले जाते का, तुम्हाला अक्कल नाही असे समजून लोक वागतात का, असे प्रश्न थेट त्या माणसालाच विचारून जो भेदभाव मोजला जातो, तो हा. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९९७ची प्रश्नावली याच धाटणीची आहे. म्हणून ‘जाणवलेला भेदभाव’ हेच भाषांतर मला योग्य वाटते.

पैशांची अडचण खरीच आहे. १९९६च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांना मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, पाच वर्षे थांबावे लागते, आणि ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्यांना सरकारी विमा बाजारात पदरचे पैसे मोजूनही विमा घेता येत नाही. परंतु तातडीच्या विभागात आलेल्या कोणालाही, पैसे वा कागदपत्रे नसली तरी, तपासून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा कायदा १९८६पासून आहे. दार उघडे असूनही माणूस दुखणे विकोपाला जाईपर्यंत येत नाही, याचे उत्तर निव्वळ पैशांच्या हिशेबात सापडत नाही.

ते उत्तर लोकांच्या आठवणींत आहे. लॉस एंजेलिसच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांकडून, काहींकडून तर प्रसूतीच्या कळा चालू असताना, इंग्रजी संमतिपत्रांवर सह्या घेऊन नसबंदी केली गेली. त्यांतील दहा जणी न्यायालयात गेल्या आणि १९७८ मध्ये खटला हरल्या. काउंटीने माफी मागितली ती थेट २०१८ मध्ये. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. बेकायदा राहत असल्याचा संशय येईल त्या रुग्णाची माहिती आरोग्य केंद्रांनी सरकारला कळवावी, अशी तरतूद त्यात होती. न्यायालयांनी तो रोखला, पण खिडकीपलीकडचा माणूस आपले नाव कोणाला देईल, ही धास्ती न्यायालयाच्या निकालाने जात नाही.

भाषेचे उदाहरण तर मराठी माणसाला चटकन पटेल. १९८० मध्ये फ्लोरिडात बेशुद्धावस्थेत आणलेल्या अठरा वर्षांच्या एका क्यूबन तरुणाबद्दल घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. आपण ‘काहीतरी बाधलंय’ म्हणतो, नेमका तोच त्याचा अर्थ. डॉक्टरांनी तो इंग्रजीतल्या ‘इन्टॉक्सिकेटेड’सारखा, म्हणजे ‘नशा केली आहे’ असा घेतला, दुभाषी बोलावण्याची गरज कोणालाच वाटली नाही, आणि मेंदूतला रक्तस्राव वेळेत न कळल्याने त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. आता पात्र दुभाषी देण्याचे बंधन आहे आणि आणीबाणी वगळता लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई आहे. तसे बंधन का लागले, हे समजायला फार विचार करावा लागत नाही : दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरांना आपल्या अंगावरून जाण्याची तक्रार सांगायची वेळ आली, तर आई ती अर्धीच सांगते आणि पुढच्या वेळी येतच नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जो वारंवार दवाखान्यात जातो, त्याला तिथे अपमान सोसण्याचे प्रसंगही जास्त येतात. जो जाणेच सोडतो, त्याला तिथला ताजा अनुभव नसतो. त्यामुळे दवाखान्याच्या रांगेत प्रश्नावली वाटून हा विषय उलगडत नाही. आपण स्वतः असे सर्वेक्षण करणार असाल, तर घरोघरी जा, आणि शेवटचे दवाखान्यात कधी गेला होता, तिथे खिडकीवर पहिला प्रश्न कोणता विचारला, तो कोणत्या भाषेत, इथून सुरुवात करा.