वाचक विचारतात : जीटी-आर असून नाकाझातो हरला कसा?

प्रश्न : दादा, मी सध्या 'इनिशियल डी' ही घाटातल्या कार रेसची जपानी अ‍ॅनिमे सिरीज बघतोय. त्यात नाकाझातोकडे एवढी भारी जीटी-आर गाडी असून तो त्या टोफू (सोयाबीनचं पनीर) पोचवणाऱ्या पोराच्या जुन्या गाडीकडून हरतो, हे मला अजिबात पटलं नाही. हिरोला जिंकवायचं म्हणून लेखकाने ओढूनताणून केलंय का?
– एक वाचक, साखरपा

उत्तर : नाही रे, ओढूनताणून नाहीये, आणि तू साखरप्याचा म्हणजे घाट तुझ्या दारातच आहे त्यामुळे तुला तर हे लगेच कळेल. आधी कागदावरचं बघू. नाकाझातो ताकेशीची काळी स्कायलाइन जीटी-आर आर-३२, म्हणजे २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, कंपनीने लिहिलेली ताकद २८० पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), आणि त्या टोफूवाल्या पोराची, म्हणजे ताकुमीची टोयोटा एई-८६ म्हणजे १.६ लिटर, टर्बो नाही, १३० पीएस. सरळ रस्त्यावर ही लढतच नाही, आणि चढावर पण नाही. पण ती रेस उतारावरची होती आणि सगळी मेख तिथेच आहे.

जीटी-आरचं वजन १४०० किलोच्या वर, ८६ चं हजाराच्या आत. त्यात जीटी-आरचं ते लांबलचक लोखंडी इंजिन पुढे बसलेलं. उतारावर गाडी आधीच पुढे झुकलेली असते, त्यात ब्रेक मारला की उरलंसुरलं वजनही पुढच्या दोन टायरवर येतं आणि मग त्याच दोन टायरांना गाडी थांबवायचीय पण आणि वळवायचीय पण. कोल्हापूरहून भाजी भरून आलेला टेम्पो आंबा घाट उतरून खाली चहाला थांबतो तेव्हा चाकांजवळ जाऊन बघ, लायनर तापल्याचा तो जळका वास येतो ना, तेच नाकाझातोच्या गाडीत होत होतं, फक्त कितीतरी पटीने जास्त वेगात. पहिली काही वळणं गाडी झक्कास वळते, मग टायर तापतात, ब्रेक पहिल्यासारखे पकडत नाहीत, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूलाच जात राहतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. जीटी-आर फोर व्हील ड्राइव्ह आहे, एरवी मागच्या चाकांवर पळते आणि मागची चाकं घसरायला लागली की पुढे ताकद पाठवते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती राजा आहे. पण वळणात शिरताना, ब्रेकवर असताना, त्याचा काही उपयोग नाही.

आता शेवटची वळणं परत लावून बघ, आवाज बंद करून बघ हवं तर. नाकाझातोला आरशात ८६ चे लाइट दिसतायत, टायर संपत आलेत, आणि तो ताकुमी बाहेरून येणार म्हणून बाहेरची बाजू अडवायला जातो. ताकुमी बाहेरून येण्याची हूल देतो आणि आत घुसतो. जीटी-आर फिरते आणि कठड्याला घासते. या क्षणी गाडी हरलेली नाही, माणसाचं डोकं हरलंय. टायर जपून पहिली अर्धी रेस काढली असती तर शेवटी त्याच्याकडे काहीतरी शिल्लक राहिलं असतं.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीला तो सरळ रस्त्यावर पुढे निघून जातो आणि मग मुद्दाम वेग कमी करून ८६ ला मागे येऊ देतो, कारण त्याला इंजिनच्या ताकदीवर जिंकायचंच नसतं, वळणात जिंकायचं असतं. मला तो याच्यासाठी आवडतो. सरळ पळून जाऊन लांब गेला असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती, पण तसं जिंकणं त्याला जिंकणं वाटलं नसतं.

ताकुमीचं म्हणशील तर तो काही आकाशातून पडलेला नाही. लायसन्सच्या वयाच्या आधीपासून, सातवीत असल्यापासून, तो रोज पहाटे त्याच एका रस्त्याने टोफू घेऊन डोंगरावरच्या हॉटेलात जातोय, आणि बापाने पाण्याचा कप ठेवलाय गाडीत, पाणी सांडता कामा नये. म्हणजे वजन हळूच एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचं, झटका नाही द्यायचा. त्या रस्त्यावर त्याला हरवणं कोणालाही अवघडच होतं.

प्रश्न : माका नाकाझातो खूप आवडता, पण माझो भाव म्हणता तो व्हिलन असा. खरा काय ता सांगा.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : भावाला सांगा, व्हिलन नाही, प्रतिस्पर्धी. त्याच्याच नाइटकिड्स टीममधला शिंगो आहे ना, लाल सिव्हिकवाला, जो हात स्टिअरिंगला टेपने बांधून रेस लावायला लावतो आणि दुसऱ्याच्या गाडीला धक्के देतो, तो वाईट म्हणा. नाकाझातो कधीच कोणाच्या गाडीला मुद्दाम धडक मारत नाही. पुढे म्योगी या स्वतःच्याच डोंगरावर पावसात तो रेडसन्स टीमच्या केइसुकेकडून हरतो, दुसऱ्या सीझनमध्ये एम्परर टीमच्या मित्सुबिशी इव्हो ४ गाडीकडून हरतो, गाडी ठोकली जाते, तरी गाडी दुरुस्त करून परत त्याच डोंगरावर येतो. जिंकणाऱ्यांवर सगळेच प्रेम करतात, पण स्वतःच्या डोंगरावर, स्वतःच्या पोरांसमोर हरून दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहायला छाती लागते, आणि मला वाटतं लेखक शिगेनो शुइचीने हे पात्र फार मायेने लिहिलंय. आवाज पण किती दमदार दिलाय हियामा नोबुयुकीने.

प्रश्न : ताकुमी जिथे रेस लावतो तो अकिना घाट खरंच आहे का? आणि कुंभार्ली घाटात रात्री ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम घसरवत वळण घेणं) शिकता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अकिना हे नाव गोष्टीतलं, खरा डोंगर हारुना, जपानच्या गुन्मा प्रांतात, वर तळं आहे आणि पायथ्याला इकाहो नावाचं गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. सिरीजमधले म्योगी, अकागी, उसुई हे बाकीचे डोंगर-घाट तर खऱ्याच नावाने आहेत.

दुसऱ्याचं उत्तर नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय. आपल्या घाटात रात्री वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, गुरं रस्त्यात बसलेली असतात, पावसाळ्यात दरडीची माती आणि शेवाळ, वरून धुकं, आणि समोरून एसटी येते, तिच्यात चाळीस-पन्नास माणसं असतात. सिरीजमध्ये पोरं वळणावळणावर वॉकी-टॉकी घेऊन उभी असतात, इथे कोण उभं राहणार? शिवाय सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिकायचंच असेल तर ट्रॅकवर जा. आणि घाटात शिकण्यासारखं दुसरं भरपूर आहे, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडू नका, ज्या गिअरवर चढली असती त्याच गिअरवर उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. पाण्याच्या कपाचा प्रयोग घरच्यांना बसवून करून बघा, आजी मागच्या सीटवर झोपली तर समजा जमतंय.

प्रश्न : कुठल्या क्रमाने बघायचं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : फर्स्ट स्टेज म्हणजे पहिला सीझन १९९८ चा, २६ भाग, तिथून सुरू करा, मग सेकंड स्टेज, मग थर्ड स्टेज हा पिक्चर आहे २००१ चा, मग फोर्थ, फिफ्थ आणि २०१४ चा फायनल. जुने थ्रीडी गाड्यांचे सीन आता ओबडधोबड वाटतील, तरी सोडू नका. नुसता नाकाझातो बघायचा असेल तर पहिले दोन सीझन पुरे.