फझिंगमध्ये (विचित्र इनपुटचा मारा करून केलेल्या चाचणीत) लिनक्स कर्नलची वॉर्निंग सापडली; ती देणारी वॉर्न-ऑनची ओळच कोडमधून काढून टाकली तर चालेल का?

लगेच काढू नका. आधी ती अट नुसत्या युजरस्पेसच्या (म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमच्या) इनपुटने खरी होऊ शकते का, ते बघा. वॉर्न-ऑन असतं ‘असं कधी घडायलाच नको’ अशा कर्नलच्या आतल्या चुकांसाठी, आणि कर्नलचं डॉक्युमेंटेशनही हेच सांगतं. सिझकॉलर हा कर्नलचा फझर वापरताना पॅनिक-ऑन-वॉर्न (वॉर्निंग येताच कर्नल थांबवणारी सेटिंग) सहसा चालू असतं, त्यामुळे साधी वॉर्निंगही थेट क्रॅश म्हणून समोर येते.

यूएसबीमधली ‘बोगस यूआरबी’ वॉर्निंग घ्या (यूआरबी म्हणजे यूएसबीवर डेटा पाठवण्या-घेण्याची विनंती), ‘पाइप 1, टाइप 3’ वाली. स्टॅकमध्ये, म्हणजे वॉर्निंगसोबत छापल्या जाणाऱ्या फंक्शनच्या यादीत, वर दिसतं यूएसबी कोअरचं सबमिट फंक्शन, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. ड्रायव्हरला इंटरप्ट प्रकारचा एंडपॉइंट (डिव्हाइसवरचं डेटाचं टोक; प्रकार 1) हवा होता, फझरच्या खोट्या डिव्हाइसने बल्क (3) दिला, आणि ड्रायव्हरने तो न तपासताच वापरला. म्हणजे दुरुस्ती ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये): एंडपॉइंटचा प्रकार तपासा, जुळला नाही तर एरर परत करा. इथे वॉर्निंग काढली असती तर खरा बग झाकला गेला असता.

उलट, युजरने चुकीचं मूल्य दिलं की पेटणारी वॉर्निंग मात्र खुशाल काढा. तिथे एरर कोड पुरतो. युजरने दिलेल्या आकाराची मेमरी मागताना पेज अ‍ॅलोकेटर (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) वॉर्निंग देत असेल, तर आधी आकारावर मर्यादा घाला. ती वॉर्निंग दाबणारा नोवॉर्न फ्लॅग त्यानंतरचा पर्याय.

हे सगळं रिप्रोड्यूसर (बग पुन्हा घडवून दाखवणारा प्रोग्रॅम) हाताशी असेल तर. तो नसेल तर रेस (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमावर अवलंबून असलेला बग) असण्याची शक्यता धरा आणि अंदाजाने पॅच पाठवू नका.